उतारावरची खूण

ठोकळेकाका गल्लीच्या पलीकडच्या कडेला गुडघे टेकून बसले होते आणि सिमेंटवर उमटलेले दोन काळे पट्टे वितीने मोजत होते. दोन्ही पट्टे शेजारी शेजारी, मधलं अंतर बरोबर खुर्चीच्या मागच्या चाकांइतकं. लांबी जेमतेम एक वीत. पट्ट्यांच्या पुढे हातभर जागा होती आणि त्यानंतर खालच्या रस्त्यावर उतरणाऱ्या बावीस पायऱ्या.

"काका, खुर्ची इकडे आहे," मागून मुलगा म्हणाला. "तिथं काही राहिलं नाही आता. धुऊन काढलंय सगळं."

मुलगा म्हणजे चांगला पंचेचाळिशीचा बाप्या. पण गेल्या आठ दिवसांत भेटायला आलेल्या प्रत्येकाने त्याला 'कंडक्टरबाईंचा मुलगा' असंच म्हटलं होतं, आणि आता तोही दाराच्या चौकटीला टेकून, पुढे काय करायचं ते कोणीतरी मोठं माणूस सांगेल म्हणून वाट बघत उभा होता. आठ दिवसांपूर्वी सकाळी त्याची आई पुनर्वसन केंद्राने दिलेल्या मोटरच्या खुर्चीत बसून दारातला उतार उतरली, समोरची नऊ फुटांची गल्ली ओलांडून सरळ गेली आणि पायऱ्यांवरून खाली कोसळली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. खुर्ची केंद्राच्या मालकीची. ती परत न्यायला काका आले होते.

व्हरांड्यात खुर्चीवर चादर टाकलेली होती. काकांनी ती बाजूला केली. पाय ठेवायची पट्टी वाकली होती, डाव्या हाताचा टेका निखळला होता. उजव्या हाताशी जॉयस्टिकचा, म्हणजे खुर्ची चालवायच्या दांडीचा, डबा मात्र जिथल्या तिथे होता, त्यावरचं चालू-बंदचं बटण आणि शेजारचं हॉर्नचं पिवळं बटणही शाबूत. माणूस गेलं आणि बटणं राहिली, हे पाहून काकांना उगाच त्या डब्याचा राग आला.

"खुर्चीचा दोष नाही," मुलगा म्हणाला. "तुमच्या साहेबांना मी तसं लिहूनही दिलंय. आई स्वतःच गेली."

पुढचं त्याने सलग सांगितलं, अनेकांना सांगून सांगून पाठ झालेलं. बाई रोज सकाळी उतार उतरल्या की उजवीकडे वळायच्या आणि गल्लीच्या तोंडापर्यंत फेरी मारून यायच्या. त्या दिवशी उजव्या हाताला शेजाऱ्यांच्या सामानाचा टेम्पो उभा होता. टेम्पोवाल्याने डोळ्यांनी पाहिलं, बाई वळल्याच नाहीत, सरळ गेल्या. आदल्या संध्याकाळी मायलेकांची थोडी बोलाचालीही झाली होती. त्या दिवसभर हॉर्न वाजवत बसतात म्हणून तो वैतागला होता, आणि त्या म्हणाल्या होत्या की, माझा स्टॉप आला की उतरेन मी, तू नको काळजी करू.

"जाताना हॉर्नची एक बेल देऊन गेली," मुलगा म्हणाला. "कंडक्टरच ती, शेवटपर्यंत." मग त्याचा आवाज उतरला. "माझी तक्रार एवढीच आहे, काका. मी आत दाढी करत होतो. दहा पावलांवर. मला एक हाक मारायची ना. पोटच्या पोराला इतकं परकं करायचं?"

मोजून आलेली वीत त्यांच्या उजव्या हाताला अजून तशीच ताणलेली होती. ती त्यांनी मिटली आणि खुर्चीला हात लावला.

केंद्राच्या गाडीत खुर्ची चढवून परत येताना काका खिडकीबाहेर पाहत होते, पण त्यांना दिसत होते ते दोन पट्टे. आपण त्या पायऱ्यांशी वाकलोच नसतो तर किती बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

कारण अशा खुर्चीचा ब्रेक केव्हा लागतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जॉयस्टिक पुढे धरलेली असेपर्यंत तो लागत नाही. हात काढला की कंट्रोलर मोटरचा वेग हळूहळू उतरवतो, आणि चाकं थांबायला आली की मग ब्रेक खटकन आवळला जातो. ते पट्टे आवळलेल्या चाकांचे होते. म्हणजे बाईंनी हात काढला होता. टेम्पोमुळे वळता येईना, तेव्हा त्यांनी जॉयस्टिक सोडली आणि खुर्ची थांबायची वाट पाहिली. खुर्ची थांबतही होती. फक्त ती ब्रेक लागूनही वीतभर घसरली तोवर पुढची छोटी चाकं पायरीवरून सुटली होती. दोन विती आधी थांबली असती तर बाई घाबरल्या असत्या, टेम्पोवाल्याला चार शब्द सुनावले असते आणि घरी परत आल्या असत्या.

आणि खुर्चीने कुठे थांबायचं, हे ठरवणारा माणूस गाडीत मागच्या बाकावर बसला होता.

ठोकळेकाका हे काही त्यांचं नाव नव्हे. खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुठे उरलंच नव्हतं. कोणतीही खुर्ची आली की ती आधी लाकडाच्या चार ठोकळ्यांवर चढवायची, चारही चाकं अधांतरी करायची आणि मगच बॅटरीची तार जोडायची, असा त्यांचा सव्वीस वर्षांचा शिरस्ता होता. मोटरच्या तारा उलटसुलट जोडल्या गेल्या असतील तर खुर्ची पुढे जाण्याऐवजी मागे उसळते किंवा जागेवर गरगर फिरते. चाकं हवेत असली तर हवेत फिरतात, जमिनीवर असली तर कोणाच्या तरी पायावरून जातात. कार्यशाळेतले लोक हसायचे. काका घरी मिक्सर लावतानाही आधी तो ठोकळ्यांवर ठेवतात, असं एकाने पिकवलं होतं. काकाही हसायचे, पण ठोकळे काढायचे नाहीत.

ठोकळ्यांनंतर सपाट जमीन, तीही माणूस बसवून. आणि सपाट जमिनीनंतर अंगणातला उतार. उतारावर खुर्ची जास्त पळते आणि उशिरा थांबते, म्हणून ज्याची खुर्ची त्याला बसवून, निम्म्या उतारावर हात काढायला लावून, ती कुठे थांबते ते खडूने आखायचं. मग चाचणीपत्रकावर एकेका ओळीसमोर बरोबरची खूण. चाकं अधांतरी, खूण. सपाट जमीन, खूण. उतार, खूण. शेवटची ओळ हॉर्नची. तो वाजतो का, एवढंच विचारलेलं.

कंडक्टरबाई आल्या तो दिवस काकांना लख्ख आठवत होता, कारण त्या दिवशी कार्यशाळेत कधी नव्हे ते हसणं झालं होतं. बाईंच्या मानेच्या मणक्यांची दोन ऑपरेशनं झाली होती. पाय गेले होते, उजव्या हाताची अंगठ्यासकट तीन बोटं तेवढी कामाची उरली होती. जीभ मात्र शाबूत होती. बत्तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडलेल्या त्या बाई, जॉयस्टिकला गिअर म्हणायच्या.

"इतकी वर्षं ड्रायव्हरच्या मागे उभी राहिले," खुर्चीत बसवल्याबरोबर त्या म्हणाल्या होत्या. "आता गिअर माझ्या हातात आलाय, मिस्त्री. बघा मग."

हॉर्नचं बटण सापडल्यावर तर त्या लहान पोरीसारख्या खूश झाल्या. दोनदा दाबलं की निघायचं, एकदा दाबलं की थांबायचं, ही बसची रीत त्यांनी तिथल्या तिथे लागू केली. मुलगा कोपऱ्यात फोनवर बोलत होता, तो दर वेळी दचकून मागे पाहायचा.

अडचण आली ती थांबण्याची. कंट्रोलरला जोडायचं एक छोटं यंत्र काकांच्या हातात असे, त्यावर आकडे दिसत आणि बदलता येत. वेग किती, वळताना किती, हात काढल्यावर किती झटकन थांबायचं. थांबण्याचा आकडा साठ होता. बाईंनी हात काढला, खुर्ची थांबली आणि बाईंची मान पुढे गेली. त्यांनी दात आवळले, पण चेष्टा सोडली नाही.

"हा ड्रायव्हर शिकाऊ दिसतोय. असा ब्रेक मारतात का? उभे प्रवासी पडतील की."

काकांनी आकडा पंचेचाळीसवर आणला. तरी मान हिसकली. मग तीस. तीसवर खुर्ची अशी अलगद थांबली की बाईंनी डोळे मिटून घेतले.

"आता कसं. जुना ड्रायव्हर भेटला."

सव्वीस वर्षांत काकांचं कौतुक फारसं कोणी केलं नव्हतं. खुर्ची चांगली चालली तर लोक खुर्चीला विसरतात आणि बिघडली तर काकांना आठवतात. त्या एका वाक्याने ते मनातून फुलले, हे त्यांनी पुढे स्वतःशी कितीदा तरी कबूल केलं. वर त्यांनी बाईंना बजावलं की, धावत्या खुर्चीत बंदचं बटण कधी दाबायचं नाही, मानेला जबर हिसका बसेल. काही गडबड वाटली तर हात काढायचा आणि हॉर्न दाबायचा, कोणीतरी येईलच.

उताराची चाचणी तेवढी राहिली होती. अंगणात उतारासमोर सिलिंडरची गाडी उभी होती, ती हलायला अर्धा तास लागणार होता. बाईंचा चेहरा दुखण्याने पांढरा पडला होता. "मिस्त्री, पुरे आज," त्या हळूच म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यात चेष्टा नव्हती. काकांना दया आली. येत्या सोमवारी आपणच त्यांच्या घरी जाऊ, त्यांच्याच उतारावर बघून घेऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि उताराच्या ओळीसमोर खूण करून टाकली. कागद अपुरा असेल तर खुर्ची घरी जात नाही, आणि खुर्ची न घेता बाईंना परत पाठवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

सोमवारी तीन खुर्च्या एकदम दुरुस्तीला आल्या. पुढच्या सोमवारी काका तापाने पडून होते. त्याच्या पुढचा सोमवार उजाडायच्या आत बाई गेल्या. घडलं ते एवढंच. त्यात ना कोणाचा लबाड हेतू होता, ना कोणाची चैन.

कार्यशाळेत परतल्यावर काकांनी वाकलेली पट्टी सरळ केली आणि खुर्ची ठोकळ्यांवर चढवली. आकडा तीसच होता, तो त्यांनी बदलला नाही. बाईंचं वजन चाचणीपत्रकावर लिहिलेलं होतं, अठ्ठावन्न किलो. तेवढी वाळू गोण्यांत भरून त्यांनी सीटवर बांधली, अंगणातल्या उताराच्या पायथ्यापासून नऊ फुटांवर खडूची रेघ मारली, आणि जॉयस्टिकला दोरी बांधून, सोबत चालत, निम्म्या उतारावर दोरी सोडली.

पुढची चाकं रेघ ओलांडून गेली.

दुसऱ्यांदाही गेली. तिसऱ्यांदा त्यांनी सोडण्याची जागा थोडी वर घेतली. आपण कोणाशी घासाघीस करतो आहोत, हे त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. तरीही चाकं रेघेच्या पलीकडेच थांबली. मग त्यांनी आकडा साठ केला. खुर्ची पायथ्यापासून चार फुटांवर गपकन उभी राहिली आणि वाळूची वरची गोणी पुढे कलली, मानेसारखी. काकांनी ती सरळ केली आणि तिच्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी काकांचं सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावून घेतलं आणि समजुतीच्या सुरात बोलले. मुलाने स्वतः लिहून दिलं आहे. पोलिसांनी कागद बंद केला आहे. बाई परत येणार नाहीत. यादीत पस्तीस माणसं खुर्चीची वाट पाहत आहेत, आणि असलं काही बाहेर पडलं तर पस्तीसच्या पस्तीस खुर्च्या चौकशी संपेपर्यंत अडकून पडतील.

"सात महिने राहिलेत तुमचे, ठोकळेकाका," शेवटी ते म्हणाले. "सव्वीस वर्षांत एक खूण चुकली. सोडून द्या."

काकांनी खिशातून पेन काढलं, टेबलावरच्या चाचणीपत्रकावर उताराची खूण खोडली, शेजारी 'चाचणी केली नाही' असं लिहून सही केली. साहेबांनी कागदाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि कागद उचलून खणात ठेवला. खणाला त्यांनी कुलूप लावलं नाही. तशी गरजच नव्हती, तो खण कोणी उघडत नसे.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. चहा गाळता गाळता ती थांबली. चूक कशी झाली हे तिने विचारलं नाही, कारण नवरा माणूस म्हणून कसा आहे हे तिला माहीत होतं. तिला लागली होती मुलाची गोष्ट.

"त्याला वाटतंय की आई त्याला टाकून गेली," ती म्हणाली. "ते किती वाईट. तुम्ही सांगून टाका त्याला. त्या पोराचा जीव तरी थाऱ्यावर येईल. आणि तुमचाही."

काकांना ते पटलं. साहेबांनी खण बंद केला होता, पण एक दार उघडं होतं. शिव्या खाव्या लागतील, कदाचित गचांडी धरली जाईल, त्याची त्यांनी तयारी केली. निदान एका माणसाच्या मनातला काटा आपण काढू, एवढं तरी आपल्या हातून होईल, या विचाराने त्यांना आठ-दहा दिवसांत पहिल्यांदा घास गोड लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या घरी पोचले तेव्हा मुलगा जमिनीवर बसून आईच्या वस्तू लावत होता. चामड्याची जुनी पिशवी, तिकिटांना भोक पाडायचा चिमटा, पितळी बिल्ला. काकांना बसायला खुर्ची देऊन तो पुन्हा खालीच बसला. काकाही मग खाली बसले.

"भाऊ, बाई स्वतः नाही गेल्या," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. साठ, पंचेचाळीस, तीस. उतारासमोरची गाडी. खूण. दोन सोमवार. वाळूच्या गोण्या आणि खडूची रेघ. एकही गोष्ट त्यांनी स्वतःला सोयीची करून सांगितली नाही. मुलगा चिमटा हातात धरून ऐकत होता. मधे एकदा त्याने तो दाबला, कागद नसताना, आणि त्याचा कटकन आवाज झाला.

"म्हणजे तिला थांबायचं होतं," तो म्हणाला.

"हो."

"हे नक्की?"

"चला, दाखवतो."

दोघं बाहेर आले. काकांनी पट्टे दाखवले, ते का उमटतात ते सांगितलं. मुलगा उकिडवा बसला आणि त्याने एका पट्ट्यावर तळहात ठेवला. तसाच बसून तो रडला, मोकळेपणाने, गल्लीतून जाणाऱ्या माणसांची पर्वा न करता. काका शेजारी उभे होते. त्यांना वाटलं होतं तसं काही झालं नाही, शिवी नाही की हात उगारणं नाही. डोळे पुसून मुलगा उठला आणि त्याने काकांचा दंड धरला.

"बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. "मला वाटत होतं, मी म्हणून गेली. हॉर्नवरून बोललो म्हणून."

काकांच्या छातीवरचा धोंडा हलला. खोटं कशाला बोलावं, त्या क्षणी त्यांना सुखच झालं. आपण केलेलं निस्तरता येत नाही, पण त्याच्याखाली दबलेल्या माणसाला बाहेर काढता आलं, असं त्यांना वाटलं. ते निघायच्या बेतात होते.

"पण मग तिने हॉर्न का दाबला?" मुलाने विचारलं.

प्रश्न खुर्चीचा होता आणि काका खुर्चीचे मिस्त्री होते. त्यांनी सव्वीस वर्षांच्या सवयीने उत्तर दिलं.

"मीच सांगितलं होतं तसं. गडबड वाटली तर हात काढा आणि हॉर्न दाबा, कोणीतरी..."

वाक्य तिथेच थांबलं. काकांनी ते आवळून धरलं, पण उशीर झाला होता.

मुलाने दंडावरचा हात काढून घेतला. तो पायऱ्यांकडे पाहत नव्हता, घराकडे पाहत होता, मोरीच्या छोट्या खिडकीकडे. तिच्या कडेला दाढीचा आरसा अजून टांगलेला होता.

"लांबलचक वाजत होता," तो म्हणाला. "बेल एवढी लांब नसते. तिची एक बेल म्हणजे टुक. एवढीच. लहानपणापासून ऐकतोय मी. मी आतून ओरडलो, आई, बास कर आता. मग बंद झाला. मला वाटलं, ऐकलं तिने."

गल्लीत एक सायकल गेली. काकांना काहीतरी बोलणं भाग होतं, आणि त्यांच्याकडे आकड्यांखेरीज काही नव्हतं.

"तीन सेकंद, भाऊ. फार तर चार. तुम्ही पोचला नसता. मी मोजलंय."

"पोचलो नसतो," मुलगा म्हणाला. "उठलो तर असतो."

मुलगा व्हरांड्याच्या पायरीवर बसला. मघाशी रडताना त्याचा चेहरा सुटलेला होता, आता तो कोरडा आणि म्हातारा दिसत होता. आई आपल्याला न सांगता गेली, या दुःखावर माणूस आईशी भांडू शकतो. आता भांडायलाही कोणी उरलं नव्हतं.

"हाक मारली होती तिने मला," तो स्वतःशीच म्हणाला. मग वर न पाहता, "तुम्ही जा, काका."

काका निघाले. कोपऱ्यावर त्यांनी एकदा वळून पाहिलं. मुलगा तसाच बसला होता, तिकिटांचा चिमटा अजून हातात होता. आपण त्याचं ओझं उतरवायला आलो होतो की स्वतःचं, हा प्रश्न काकांना तिथे पडला आणि पुढे त्यांचा पिच्छा त्याने कधी सोडला नाही. बायकोने संध्याकाळी विचारलं, सांगितलंत का, हलकं वाटलं का त्याला. काका हो म्हणाले. लग्नानंतर तिच्याशी ते किती वेळा खोटं बोलले असतील हे सांगता येत नाही, पण इतक्या सफाईने कधी बोलले नव्हते.

दोन आठवड्यांनी साहेबांची चिठ्ठी आली की ती खुर्ची यादीतल्या पुढच्या माणसासाठी तयार करावी. टेका नवा बसवला, सीटचं कापड बदललं. काकांनी यंत्र जोडून जुने सगळे आकडे पुसले. तीस पुसताना त्यांचं बोट थोडं थांबलं. त्यांनी चारही ठोकळे लावले, चाकं अधांतरी फिरवून पाहिली आणि खूण केली. सपाट जमिनीवर खूण केली. मग वाळूच्या गोण्या बाजूला ठेवून ते स्वतः खुर्चीत बसले, कारण त्या दिवसापासून प्रत्येक खुर्ची ते आधी स्वतः बसून उतारावरून नेत. तरणी माणसं मागे हसत, काकांना म्हातारपणी गाडी मिळाली म्हणत. यापुढे ज्याची खुर्ची त्यालाही ते उतारावर बसवणार होते, पण आधी ते.

निम्म्या उतारावर त्यांनी हात काढला. खुर्ची पायथ्याच्या पुढे चार फुटांवर थांबली. त्यांनी वाकून रेघ पाहिली, मांडीवरच्या कागदावर उतारासमोर खूण केली, आणि शेवटच्या ओळीकडे आले.

त्यांनी पिवळं बटण दाबलं आणि दाबून धरलं. एक, दोन, तीन. चार. समोरच्या खिडकीत कारकून बाई टाइप करत होत्या, त्या करत राहिल्या. फाटकाजवळ पहारेकरी कोणाशी तरी बोलत होता, त्याने आवाज थोडा चढवला आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. कार्यशाळेच्या दारातून कोणी बाहेर आलं नाही. दिवसभर इथे हॉर्न वाजतातच.

काकांनी बोट काढलं. कागदावर विचारलं होतं तेवढंच, हॉर्न वाजतो का. त्यांनी पेन घेतलं आणि खूण केली.